म्हशीला लई घाई

बेळगावच्या टिळकवाडीत विनोदिनीबाईंना ओळखत नाही असा चाळिशीच्या आसपासचा माणूस सापडणं कठीण. त्यातले काही शाळेत त्यांच्याकडून ‘सा’ लावायला शिकलेले, तर बाकीचे त्यांच्या गाण्यांवर रविवारचे पोहे खाल्लेले. कारण बाई गायनशिक्षिका होत्या, आणि बेळगावात घरोघरी केबल आली त्या काळात शहापुरातल्या एका केबलवाल्यानं ‘गंमतटोपली’ नावाचा मुलांचा कार्यक्रम सुरू केला, त्याची सगळी गाणी बाईंची. दुकानामागची खोली, एक कॅमेरा, मागे पडदा म्हणून बाईंचीच पिवळी साडी. गाणं लिहायचं बाईंनी, चाल लावायची बाईंनी, पेटी वाजवायची बाईंनी आणि पोरांवर ओरडायचंही बाईंनीच. ओरडणं त्यांना पहिल्यापासून छान जमायचं.

पुढे केबलवाला धंदा बदलून गोव्याला गेला, टोपली बंद पडली. बाई निवृत्त झाल्या. नवरा केशवराव पोस्टातून आधीच निवृत्त झालेले. दोघांचं बरं चाललं होतं.

आणि मग एके दिवशी अनय आला.

अनय त्यांचा जुना विद्यार्थी. आता पुण्यात नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी संगीत. पाया पडून म्हणाला, “बाई, ‘गंमतटोपली’च्या गाण्यांचा अल्बम करतोय. तुम्हाला मानवंदना म्हणून. आमची सगळी पिढी त्याच्यावर वाढली.”

बाई खूश झाल्या. खोटं कशाला बोला, त्या दिवशी त्यांनी केशवरावांना दुसऱ्यांदा चहासुद्धा करून दिला.

महिन्याभरात अनय गाणी घेऊन आला. लॅपटॉप उघडला, बाईंच्या कानाला मोठे हेडफोन लावले. पहिलंच गाणं सगळ्यात गाजलेलं:

म्हशीला लई घाई, बाजाराला जाई,
वाटंत दिसलं तळं, म्हणली, आता न्हाई!

आधी नुसताच पियानो. एक सूर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा सूर. मागे पाऊस पडल्याचा आवाज. मग कुणी गायिका कुजबुजल्यासारखं गायला लागली, “म्हशीला... फार... घाई...”

विनोदिनीबाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. “अनय, म्हैस मेली का रे?”

“नाही बाई, ते आठवणींचं...”

“घाई आहे ना तिला? मग ही घाई कुठली? एवढ्या वेळात ती बाजाराला जाऊन, विकली जाऊन, परत आली असती.”

“बाई, ऐकणारे मोठे झालेत आता. त्यांना जरा हळवं...”

“आणि ‘फार’ कुणी केलं? मी ‘लई’ लिहिलंय.”

“महाराष्ट्रभर जाणार आहे ना गाणं, म्हणून.”

“महाराष्ट्रात म्हशी नाहीत का?”

अनयनं लॅपटॉप मिटला. ‘लई’ परत आणतो म्हणाला, पण वेगाचं बघू म्हणाला. बाईंना ते ‘बघू’ चांगलं ओळखीचं होतं. शाळेत गृहपाठ न आणणारी मुलं अगदी तसंच म्हणायची.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ काढायला माणसं आली. हुबळीचा एक कॅमेरावाला आणि दिवे धरणाऱ्या दोन मुली. त्यांनी बाईंना खिडकीपाशी पेटी घेऊन बसवलं आणि बाहेर बघत राहा म्हणून सांगितलं. बाहेर शेजाऱ्यांची स्कूटर होती. बाईंनी स्कूटरकडे बघितलं. कॅमेरावाला अदबीनं म्हणाला, “अज्जी, स्वल्प अळ्री.” म्हणजे जरा रडा.

“याक अळबेकु?” बाईंनी त्याला त्याच्याच कन्नडमधून विचारलं, का म्हणून रडू? बिचारा अनयकडे बघायला लागला.

तेवढ्यावरही निभावलं असतं. पण बाई पाणी प्यायला आत गेल्या आणि परत येऊन बघतात तर दिवे धरणाऱ्यांपैकी एक मुलगी पेटीवर पावडरचा डबा हलवत होती. तोंडाला लावायची पावडर. पेटी फारच चकचकीत दिसते, जुनी वाटत नाही, म्हणून धूळ करायचं काम चाललेलं. बाई ती पेटी रोज संध्याकाळी स्वतः पुसायच्या.

त्यानंतर बाई जे बोलल्या ते कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू गेलं. पाचच मिनिटांत कॅमेरा, दिवे आणि माणसं रस्त्यावर होती. केशवराव फडकं घेऊन पेटीच्या पट्ट्यांमधली पावडर काढत बसले. दर पट्टीला वासाची पावडर निघत होती आणि दर पट्टीला बाई नव्यानं तापत होत्या.

दोन दिवसांनी अनय एकटाच आला. उंबऱ्यातच उभा राहिला. “चुकलं बाई. तुम्ही सांगा कसं करायचं, तसं करतो.”

“जसं होतं तसं. पहिल्यापासून ते गाणं पळतंच. विचार नीलमला, तिनं गायलंय ते.”

नीलम बेळगावजवळच्या कंग्राळी गावची. आठ-नऊ वर्षांची असताना तिनं म्हशीचं गाणं गायलं होतं. लग्नानंतर ती गावातच राहिली होती आणि आता एका दवाखान्यात नर्स होती. अनयच्या गाडीतून बाई आणि तो रविवारी तिच्या घरी गेले. वाटेत बाईंनी त्याला लय म्हणजे काय यावर चांगलं ऐकवलं. चाल लावली तेव्हाच हा वेग माझ्या मनात होता, म्हैस पळते म्हणून गाणं पळतं, एवढं साधं तुम्हाला कळू नये!

नीलमनं बाईंना ओळखलं, पाया पडली, ताक दिलं. अनयनं येण्याचं कारण सांगितलं तशी ती हसायलाच लागली.

“व्हय बाई, पळतं ते गाणं. पण ते माझ्यामुळं.”

“तुझ्यामुळं म्हणजे?”

“तुम्ही सावकाश बसवलतं की. शूटिंगच्या दिवशी लई उशीर झाला, आणि मला कंग्राळीची बस गाठायची हुती. बस चुकली आसती तर आमच्या आप्पांनी परत गाण्याला पाठवलंच नसतं. मग मी म्हटलं धडाधडा. तुम्ही किती वरडलता मला! म्हणलता, ‘घाई म्हशीला हाय, तुला कशाला?’”

अनयनं ताकाचा पेला तोंडाशी धरला आणि तो खाली ठेवायचं नावच घेईना.

“मी असं म्हणाले?” बाई म्हणाल्या.

“व्हय की. परत घ्यायचं म्हणलता, पण कॅशेट संपलती.”

बाईंना आठवेना. मग हळूहळू आठवायला लागलं, आणि आठवलं तशी त्यांची आणखीनच चिडचिड झाली. इतकी वर्षं जी आपली समजलो, जिच्यासाठी भांडलो ती लय एका पोरीनं बस गाठायला केलेली! आणि हे समजायचं तेही अनयसमोर.

“बरं,” त्या शेवटी म्हणाल्या, “तेव्हा ओरडले ते चुकलं. तुझंच बरोबर होतं. आता तसंच म्हण.”

“आता? माझा आवाज गेला बाई. दवाखान्यात दिवसभर नावं पुकारून घोगरा झालाय.”

“म्हशीचं गाणं आहे, घोगरा चालतो. अनय, काढ तुझं यंत्र.”

नीलम आधी लाजली, मग बसल्या जागी तिनं मांडीवर ठेका धरला आणि गायली. आवाज खरंच घोगरा होता, पण गाणं धावलं. ‘आता न्हाई’ला ती अशी काही अडली की अनयचं डोकं आपोआप पुढे गेलं. बाई बोटांनी ठेका धरून होत्या आणि तोंडानं काहीच बोलत नव्हत्या. नीलमला ते जरा विचित्रच वाटलं असणार.

अल्बम निघाला. नीलमचं गाणं त्यात जसंच्या तसं गेलं. बाकीची सगळी गाणी मात्र हळूच राहिली. अनयनं सांगितलं की ती आधीच तयार होती, शिवाय लोकांना तशीच आवडतात. आणि ती खरंच आवडली. बाईंना फोन यायला लागले, ‘बाई, बेडकाचं गाणं ऐकून रडू आलं.’ बेडकाचं! बाई फोन ठेवून केशवरावांना म्हणायच्या, “ते गाणं ऐकून पोरं कॉटवरून उड्या मारायची हो. हे रडतात काय?” केशवराव म्हणायचे, “रडू दे की. मोठी झालीत.” त्यावर बाई दोन तास त्यांच्याशी बोलायच्या नाहीत.

प्रकाशनाचा कार्यक्रम बेळगावातल्याच एका सभागृहात झाला. गर्दी चांगली होती. हळू गाणी झाली, लोकांनी डोळे पुसले, मोबाइलचे दिवे हलवले. बाई पहिल्या रांगेत शाल पांघरून, ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. मग नीलम स्टेजवर आली आणि म्हशीचं गाणं सुरू झालं. सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं, पण प्रत्येकाची टाळी वेगळी. कुणी पुढे, कुणी मागे.

दोन ओळी बाईंनी कसंबसं सोसलं. मग त्या शाल खुर्चीवर टाकून उठल्या आणि लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“थांबा! नीलम, तूही थांब.” माईकची गरजच नव्हती. “टाळी कुठं पडते? ‘म्हशी’वर पडते का? ‘लई’वर पडते. ‘लई’वर आणि ‘घाई’वर. मागच्या रांगेतले, गप्पा नंतर. चला, माझ्याबरोबर. एक, दोन...”

आणि टकलं पडलेले वकील, पोरंबाळं घेऊन आलेल्या बाया, पुण्याहून आलेला अनय, सगळे पाठ ताठ करून बसले आणि हात वर धरून बाईंच्या खुणेची वाट बघू लागले.