सायलीचं डिस्चार्ज कार्ड

“डॉक्टर, पोरगी आळशी आहे एवढं लिहून द्या, विषय संपला,” रोह्याच्या एका शाळेतले क्रीडाशिक्षक म्हणाले. त्यासाठी ते माझ्या पेणच्या ओपीडीत जातीने आले होते. दहा वर्षांची सायली मैदानाची एक फेरी मारून बसते, हा त्यांना शाळेचा अपमान वाटत होता.

शेजारी सायलीची आई शारदा. निडी गावची. हातात तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. एकाने दमा लिहिला होता, दुसऱ्याने अशक्तपणा. तिसऱ्याने आजार लिहायचीही तसदी घेतली नव्हती, नुसतं टॉनिक.

“जन्म पुऱ्या दिवसांचा?” मी विचारलं.

“नाय. सातवा लागला नि झाली. दोन महिने पेटीत व्हती, नळीवर.”

“हे त्या डॉक्टरांना सांगितलं का?”

“कोनी इचारलंच नाय.”

स्पायरोमेट्री केली. नळीत जोरात फुंकायचं. हवा किती आणि किती वेगाने बाहेर येते, ते मशीन मोजतं. सायलीने जीव तोडून फुंकलं. आकडे वयाच्या मानाने बरेच कमी. दम्याचा पंप देऊन पुन्हा फुंकायला लावलं. साध्या दम्यात बहुधा चांगला फरक दिसतो. इथे जेमतेम.

“पण एक्स-रे नॉर्मल आहे,” सर म्हणाले.

“एक्स-रे उभ्या माणसाचा काढतात, सर. पळणाऱ्याचा नाही.”

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं अर्धवट तयार असतात. श्वासाच्या नळीतून दिलेला दाब आणि ऑक्सिजन त्याला जगवतात, थोडी इजाही करतात. पुढे मूल वाढतं, पण फुफ्फुसाची ताकद कमीच राहू शकते.

शारदाने पिशवीतून जन्मावेळचं डिस्चार्ज कार्ड काढलं. कुठल्या शहाण्याने लिहिलंय बघू, म्हणत मी वाचलं. ‘बाळ उत्तम. पुढील तपासणीची गरज नाही.’ खाली सही माझी.

सरांनीही वाकून बघितली.

“म्हनून तर तुमच्याकडं आनली,” शारदा म्हणाली. “तुमीच वाचवलेली.”

मी शाळेला पत्र दिलं: खेळू द्या, दम लागला की बसू द्या. घरी चुलीच्या धुरापासून लांब, फ्लूची लस, दरवर्षी स्पायरोमेट्री. यंदा सायली खो-खोच्या संघात आहे. छोट्या धावा तिला जमतात.

माझ्या केसपेपरवर आता पहिला प्रश्न असतो: जन्म किती आठवड्यांचा? विचारायला दोन सेकंद लागतात. मला दहा वर्षं लागली.