सात वाजता हात वर

मुरबाडच्या कॉलेजात मला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, पण विनाअनुदानित तुकडीत. तिथली फी आमच्या आवाक्यातली नव्हती. वडील आधीच गेलेले, आई दुसऱ्यांच्या शेतावर लावणी-कापणीला जायची. टोकावड्याच्या अलीकडे मुंबईच्या एका शेठचा बंगला होता, तिथं मी राखणदार म्हणून राहिलो. दिवसा कॉलेज, संध्याकाळपासून बंगला. पगाराऐवजी शेठ माझी फी भरणार. अट एकच, रात्री बंगला सोडायचा नाही. एकदा जरी सोडलास तर फी विसर, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

व्हरांड्यात भिंतीवर कॅमेरा होता. शेठ मुंबईत बसून मोबाइलवर बघायचे आणि त्यातूनच बोलायचे. रोज सात वाजता लाइट लावायची, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि हात वर करायचा.

"गेट लावलंस?" भिंत विचारायची.

"लावलं, शेठ."

संपलं संभाषण. मला भयंकर राग यायचा. एवढी हजेरी तर मी शाळेतही दिली नव्हती.

पहिल्या दिवाळीनंतर आवाज यायचा बंद झाला. कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका मात्र पेटलेला असायचा. मला वाटलं, शेठचा विश्वास बसला. हात वर करणं मी सोडलं नाही, उलट आता मीच बोलायला लागलो. डायनिंग टेबलाला आठ खुर्च्या, आणि मी स्वयंपाकघरात फरशीवर भात-कालवण घेऊन बसलेला. बोलणार कुणाशी? आज एसटी आलीच नाही, प्रॅक्टिकल बुडालं, सर सगळ्यांदेखत ओरडले, असं सगळं मी कॅमेऱ्याला सांगायचो. दुसऱ्या वर्षाचा रिझल्ट लागला तेव्हा मोबाइलवरचे मार्क त्याच्यासमोर धरून उभा राहिलो. हात दुखेपर्यंत. भिंत काही बोलली नाही. शेठ कामात असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आमचं घर ओढ्यापलीकडे, बंगल्यातून दिसेल एवढ्यावर. गौरीत तिकडून ढोलकी ऐकू यायची, बायकांची गाणी ऐकू यायची आणि माझे पाय शिवशिवायचे. शेवटच्या वर्षी आई गेटपाशी आली.

"घटकाभर चल रे. गौरीच्या पाया पड आन ये परत."

मी व्हरांड्याकडे बघितलं. लाल ठिपका होताच.

"नाय गो आय. शेठ बघतात."

तिनं गेटच्या गजांतून तांदळाच्या भाकरी आणि भाजीचा डबा आत दिला आणि गेली. त्या रात्री मी रडलो, तेही कॅमेऱ्याकडे पाठ करून.

शेवटची परीक्षा झाली आणि शेठ आले. तिन्ही वर्षांची फी त्यांनी वेळेवर भरली होती, त्यात बोट ठेवायला जागा नाही. निघताना मी जरा ऐटीतच म्हटलं, "शेठ, रोज सातला हात केला. एक दिवस चुकलो नाही."

ते हसले. "अरे, कॅमेऱ्याच्या नेटचं रिचार्ज पहिल्याच दिवाळीला संपलं. मग मी केलंच नाही. तू होतास ना."

माझे कान तापले. गौरीची रात्र आठवली. पण खरं लागलं ते वेगळंच. माझे मार्क कुणीच बघितले नव्हते.

पिशवी उचलून घरी आलो. आई चुलीपुढं होती. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आय, एवढी वर्सं तिथं कोणच बघत नव्हतं."

"मी बघत व्हते ना," ती भाकरी उलटत म्हणाली. "सातला तुजी लाइट लागली का मंग मी जेवाया बसायची."

हात वर करून झाला की मीही जेवायलाच बसायचो. ओढ्याच्या अलीकडे मी, पलीकडे ती. दोघंही एकटी.