झेंडूचा हार घातलेली मशीन

हिरामण नानांनी त्या दसऱ्याला आमच्या साहेबांना फोनवर सुनावलं नसतं, तर मी सामान बांधून गडहिंग्लजला परतलो असतो. नाना धुळ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासचे लॅब इन्चार्ज. मी जळगावच्या इंटरनेट कंपनीत नेटवर्क सांभाळायचो. शाळा नववीतच सुटलेली, त्यामुळे काही बिघडलं की पहिला संशय माझ्यावर.

सकाळीच आम्हाला लाइन पुरवणाऱ्या मुंबईच्या कंपनीचा फोन आला. तुमच्याकडून परदेशातल्या एका साइटवर मारा चाललाय, करणारा कोण ते संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर जळगावची लाइन बंद. राउटर पाहिला. सगळा ट्रॅफिक नानांच्या क्लासमधून येत होता. मी ते कनेक्शन तोडलं.

"तिथले पासवर्ड तुझ्याकडेच ना?" साहेब म्हणाले. "नाव घेऊन ये. नाहीतर तिकडूनच घरी जा."

एसटीनं धुळं गाठलं. लॅबमध्ये मशीन पूजेला मांडलेली. सगळी चालू, कीबोर्डवर झेंडूचे हार. पूजलेल्या मशीनला त्या दिवशी कोणी हात लावत नाही. तरी हबचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. हब म्हणजे सगळ्या वायरी जिथं जुळतात तो डबा; बाहेरची लाइन मी तोडली होती, तरी आतली मशीन त्यात डेटा ढकलतच होती.

मग उलगडलं. बाहेरून कोणीतरी आधीच शिरून प्रत्येक मशीनवर छोटा प्रोग्राम ठेवला असणार. लांबून हुकूम आला, की सगळी एकाच पत्त्यावर फालतू डेटा फेकत सुटायची. सगळ्या गावानं एकाच घरचा फोन एकदम फिरवावा, तसं. खऱ्या माणसाला एंगेजच लागणार.

साहेबांना फोनवर सांगितलं. ते हसले. "मशीन आपोआप मारा करतात? नववीवाला मला शिकवणार?"

नानांनी रिसीव्हर ओढून घेतला. "साहेब, हार मी स्वतः घातलेत, एकही हललेला नाही. अन् दिवे माझ्यासमोर चालू आहेत. पोराला काढाल, तर आमचं कनेक्शनही काढा!" मग माझ्याकडे वळून, "घाबरू नको भाऊ, मी शे ना." म्हणजे, मी आहे ना.

नानांच्या परवानगीनं हार बाजूला केले. सगळ्या मशीनवर तोच प्रोग्राम सापडला. मुंबईला कळवलं. त्यांना तो इतर गावांतही सापडला होता. लाइन राहिली, नोकरीही.

क्लासनं सगळ्या मशीनमध्ये सॉफ्टवेअर एकाच सीडीवरून भरलेलं, पासवर्डही एकच. एकात शिरला तो सगळ्यांत शिरला. तेव्हापासून मी रिकाम्या खुर्चीवर विश्वास ठेवत नाही; समोर कोणी नसलं, तरी मशीन काम करत असू शकतं.

नाना आता सोनगीरला असतात. त्यांच्यासाठी कोणापुढे उभं राहायची वेळ येईल, तेव्हा मी असेन. हा माझा शब्द.