टेंभुर्णीच्या मातीत कराटे

मीना मॅडम जालन्यात अठरा वर्षांपासून कराटे शिकवतात. एका शाळेच्या सभागृहात सकाळी सहाला त्यांचा वर्ग भरतो. त्यांचा नवरा, कल्याण, जालन्याच्याच एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात मशीन चालवतो. पहिली पाळी असली की जाता जाता मोटारसायकलवरून त्यांना वर्गावर सोडतो.

त्यांचं माहेर टेंभुर्णीचं. वडील तातेराव हे तरुणपणी जत्रांच्या फडात नाव काढलेले पैलवान. लेकीनं कॉलेजात असताना कराटे धरलं, ब्लॅक बेल्ट मिळवला, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "हात लागला की थांबायचं, मंग ती कसली लढत?" हे मीनाला फार लागलं. पुढे कितीतरी वर्षं बापलेकीत हा विषय निघाला नाही.

गेल्या वर्षी यशश्रीनं तो काढायला लावला. यशश्री ही मॅडमची सगळ्यात तयार विद्यार्थिनी, विसाव्या वर्षात आलेली. तिला एमएमएच्या स्पर्धेत उतरायचं होतं. "मॅडम, तिथं ठोसे, लाथा, कुस्ती सगळंच चालतं. आपलं कराटे तिथं टिकतं का, मला बघायचंय."

मॅडमनाही ते बघायचं होतं, पण भीतीही तेवढीच होती.

स्पर्धा छत्रपती संभाजीनगरला होती. समोर परभणीची एक मुलगी आली, कुस्तीत मुरलेली. पहिलं दीड मिनिट तिला यशश्रीच्या अंगाला हातही लावता आला नाही. ती जवळ आली की यशश्रीचा सरळ ठोसा बसायचा आणि पुढच्या क्षणी यशश्री लांब गेलेली असायची. मॅडमचा ऊर भरून आला. मग एक ठोसा असा नेमका नाकावर बसला की समोरची डगमगली.

आणि यशश्री थांबली. हात कमरेशी घेऊन, ताठ उभी राहिली. कराटेच्या सामन्यात असा ठोसा लागला की पंच लढत थांबवतात, गुण देतात. इथं कुणी काही थांबवलं नाही. परभणीच्या मुलीनं खाली वाकून तिचे दोन्ही पाय कवेत घेतले, तिला पाठीवर आपटलं आणि गळा आवळला. यशश्रीनं चटईवर थाप मारून हार मानली.

परतताना एसटीत ती म्हणाली, "मॅडम, चुकलं माझं."

थांबायची सवय तर मॅडमनीच लावली होती. आजवर शेकडो पोरींच्या आयांना त्यांनी सांगितलं होतं, आता हिची काळजी करू नका. ते सगळं खोटंच होतं का? पुढचे तीन दिवस त्यांनी ताप आल्याचं सांगून वर्ग बंद ठेवला. चौथ्या दिवशी स्कूटी काढली आणि टेंभुर्णी गाठली.

तातेराव ओसरीत बाजेवर बसले होते. "अशी अचानक कशी आली गं?"

मीनानं मोबाइल पुढे केला. "आबा, ही माझी पोरगी हरली. जरा बघा."

तातेरावांनी चष्मा लावून लढत तीनदा पाहिली. मीना जुन्या टोमण्याची वाट बघत जमिनीकडे पाहत राहिली.

"ही पोरगी तर तिला शिवू बी देत न्हाई," तातेराव म्हणाले. "ती दोनदा पट काढाया, पाय धराया आल्ती, दोन्ही बारीला तोंडावर खाऊन गेली. एवढं लांबून नेमकं मारणं आमच्यात कुणाला येत नव्हतं. मंग मधीच थांबली कामून?"

"मी शिकवलंय तसं."

"मंग आता न थांबायचं शिकव. अन् पायाला कुणी हात घातला तर काय करायचं, ते मी सांगतो. त्यात एवढं रडायचं काय?"

मीना खरंच रडत होती. पण छातीवरचं ओझं अर्धं उतरलं होतं.

त्यानंतर पाच महिने दर रविवारी मॅडम आणि यशश्री दोघी टेंभुर्णीला जायच्या. गोठ्यामागची जमीन तातेरावांनी खणून भुसभुशीत करून घेतली होती. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून ते बाजेवरून सांगायचे आणि पट काढायला मीना मॅडम स्वतः घुसायच्या, एकेचाळिसाव्या वर्षी. "कंबर मागं टाक! वजन तिच्या पाठीवर दे! बिलकुल जल्दी!" असा आबांचा आरडाओरडा चाले. मॅडमच्या कोपरांची सालं निघाली. वर्गात मात्र त्या यशश्रीकडून एका ठोशामागे दुसरा, तिसरा आणि मग लाथ, असा न थांबता सराव करून घेत.

डिसेंबरात पुन्हा स्पर्धा झाली. यावेळची मुलगी अहिल्यानगरची, तीही कुस्तीगीर. पहिल्या फेरीत तिनं यशश्रीला खाली पाडलंच. पण यशश्री रिंगणाच्या जाळीला पाठ लावून उठली. दुसऱ्या फेरीत तिनं अंतर सांभाळलं. समोरची पायाशी घुसली तेव्हा यशश्री कंबर मागे टाकून निसटली. मग तिचा तो सरळ ठोसा बसला. यशश्री थांबली नाही. दुसरा ठोसा, तिसरा, आणि बरगडीवर लाथ. समोरची गुडघ्यावर आली आणि पंच मध्ये पडले.

टाळ्या वाजवायचंही मॅडमना सुचलं नाही. थोड्या वेळानं बाहेर जाऊन त्यांनी टेंभुर्णीला फोन लावला.

"आबा, जिंकली."

"लागलं का तिला?"

"ओठ फुटला नुसता."

"मंग बराबर झालं. आता जेवा दोघी."

सोमवारी सहाला वर्ग नेहमीसारखा भरला. एक नवी आई मुलीला घेऊन आली होती. तिनं विचारलं, "मॅडम, याचा खरंच उपयोग होतो का हो?"

आधी या प्रश्नावर मॅडम लांबलचक बोलायच्या. आता त्या हसून म्हणाल्या, "समोरचा लांब आहे तोवर चांगला होतो. जवळ येऊन धरलं तर हे एकटं पुरत नाही. त्यासाठी रविवारी मातीत यावं लागेल. कपडे मळतील, चालेल का?"

आईनं मुलीकडे पाहिलं. मुलीनं चपला केव्हाच काढून ठेवल्या होत्या.