पडलेल्याला संपवायचं असतं

मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळात मी कुणाची दयामाया करत नाही. दिवसभर सांगलीत औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, त्याचा वचपा मी तिथं काढते. या खेळात गोळी लागलेला माणूस लगेच मरत नाही, सरपटत राहतो. साथीदारानं येऊन दहा सेकंद मलमपट्टी केली की बंदूक घेऊन पुन्हा उभा. म्हणून पडल्या पडल्या त्याला संपवायचं असतं. यात मी पटाईत आहे.

माझा धाकटा भाऊ आष्ट्याच्या तालमीतला पैलवान. गेल्या यात्रेच्या मैदानात त्याचा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, कुस्ती विसरा, पण रोज व्यायाम केला नाही तर पाय कायमचा आखडेल. आणि हा भिंतीकडं तोंड करून पडलेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला त्यानं दोनदा परत पाठवलं. आईनं समजावलं, वस्ताद येऊन गेले, हा हूं की चूं करेना. मला त्याचा राग यायचा, पण त्याहून जास्त भीती वाटायची. चोविसाव्या वर्षी काठी टेकत चालणारा भाऊ मला बघायचा नव्हता.

एका रविवारी दुपारी मी आईचा मोबाईल त्याच्या हातात कोंबला. "चल, माझ्या जोडीला खेळ."

नेम बरा होता. पहिल्याच डावात त्यानं एकाला लोळवलं आणि तिथंच निवांत उभा राहिला.

"आरं, संपव की त्याला!"

"पाठ टेकली की त्याची. आता कशाला मारायचं?"

त्यांच्या तालमीची शिस्तच तशी. समोरच्याची पाठ लागली की पकड सोडायची आणि हात देऊन त्याला उठवायचं. इथं मात्र साथीदारानं पट्टी बांधली, तो पडलेला उठला आणि त्यानं आम्हा दोघांनाही आडवं केलं. सलग चार डाव हेच. माझं डोकं फिरलं.

"ही काय कुस्ती हाय व्हय रं? ह्यात पडलेला उठून मारतोय!"

"मग खोटाच हाय तुझा खेळ. पाय गेलेला माणूस धा सेकंदात पळतोय व्हय? मला तीन महिनं झालं."

तीन महिन्यांत पायाबद्दल त्यानं काढलेला हा पहिला शब्द. मी पुढचा डाव लावला.

त्या डावात मीच पडले, उघड्या माळावर. चहूबाजूंनी गोळ्या. शहाणा खेळाडू अशा वेळी जोडीदाराला सोडून पळतो. मी ओरडले, "येऊ नकोस!" तो आला. माझ्याशेजारी बसून पट्टी बांधायला लागला. ती पुरी व्हायच्या आत आम्ही दोघंही मेलो.

"आलास कशाला, येड्या?"

"तू सरपटत व्हतीस की." मोबाईल बाजूला ठेवून तो म्हणाला, "त्या दिवशी मैदानात समोरच्यानं मला उठवायला हात दिला. मी झटकला. वस्तादांनी बघितलं, आक्का. आजपत्तूर त्यावर एका शब्दानं बोललं न्हाईत."

म्हणजे पायापेक्षा हे सलत होतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. "पडला तरी नाक वर. आपल्या घराण्याचीच रीत हाय ती," मी म्हणाले. तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

सोमवारी सकाळी मी पायात चपला घालत होते, बसची वेळ झालेली. आतून हाक आली. "आक्का, ती व्यायामाची पोरगी कवा येती?"

"ती कशाला यील आता? दोनदा हाकललंस तिला."

"मग तिला फोन कर. आन् तवर तू हात दे."

मी पर्स खाली ठेवली. पलंगाच्या कडेला बसून त्यानं माझा हात पकडला आणि पाय वाकवायला सुरुवात केली. गुडघा जेमतेम दोन बोटं हलला. तो घामाघूम झाला, कळवळला, मला नाही नाही ते बोलला. बाहेर बस येऊन गेली. माझी बोटं पार पांढरी पडली, पण त्यानं माझा हात सोडला नाही.