मेनी झेंडू, मच साखर

क्लासमधला अभ्यास वहीच्या पानावर उतरतो आणि किस्से समासात. माझ्या वहीची पानं अजून बरीच कोरी आहेत. समासात मात्र पेन टेकवायला जागा नाही!

अमरावतीत एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत आमचा क्लास भरतो. तयारी लिपिकाच्या भरतीची. मागच्या वेळी माझं बाकी सगळं जमलं, इंग्रजीत आपटले. या खेपेला मीच घरी जाहीर करून बसले, "आता शेवटचं. नाही जमलं तर पुस्तकं रद्दीत!" बोलून झाल्यावर शब्द मागे घ्यायला तोंड उघडलं. पण तोवर सासूबाई "बरं" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

*

'मेनी' आणि 'मच' शिकवताना सर प्रत्येकीला घरून एक वस्तू आणायला सांगतात. मोजता आली तर मेनी, नाही तर मच. परतवाड्याच्या मीनाताईंचा फुलांचा मळा आहे. त्यांनी पिशवीभर झेंडू आणला.

सर म्हणाले, "फुलं मोजता येतात. मेनी."

"कोन मोजते, सर? आमी किलोनं इकतो. मोजाले बसलो तं दसरा निंघून जाईन!"

सरांनी पिशवी उचलून हातानंच तोलली. मग म्हणाले, "परीक्षेत मोजा. बाजारात तोला."

*

सरांची शेती मूर्तिजापूरकडे. सोयाबीन काढायच्या दिवसांत ते शेतातून फोनवर शिकवतात. फोन टेबलावर ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि ते बोलतील ते उतरवून घ्यायचं.

परत आल्यावर त्यांनी मीनाताईंची वही तपासली. क्रियापदांचा पाचवा नियम होता, "ताडपत्री टाक, आभाळ आलं."

"हे काय आहे?"

"तुमीच सांगतलं, सर!"

सर कपाळाला हात लावून हसले आणि त्यांनी माझी वही मागितली. मी ती हळूच पिशवीत सरकवली. माझ्या वहीत त्या वाक्याखाली दोन रेघा मारून 'महत्त्वाचे' असं लिहिलं होतं!

*

घरी माझी तोंडी परीक्षा सासूबाई घेतात. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो की म्हणतात, "हं, बोल." मी बोलते आणि त्या निकाल देतात, बरोबर की चूक. पुस्तक उघडून पाहावं, तर दरवेळी त्यांचंच खरं!

शेवटी मी विचारलंच, "आई, तुम्हाला कळतं तरी कसं?"

"मले काय समजते त्यातलं? चूक असलं की तू माह्याकडं पायतं. बरोबर असलं की शेंगा सोलत रायतं."

*

येता-जाता पाठ व्हावीत म्हणून मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर क्रियापदं चिकटवली. साखरेच्या डब्यावर 'गो'चं 'वेंट', तांदळाच्या डब्यावर 'ईट'चं 'एट'. नवरा चहा करायला गेला की आतून ओरडायचा, "साखर कुठाय?" मी बाहेरून ओरडायची, "वेंटमध्ये!"

आमची चार वर्षांची ओवी हे रोज ऐकत होती. बालवाडीत बाईंनी विचारलं, "चहा गोड व्हायला काय घालतात?"

ओवीनं ठणकावून सांगितलं, "वेंट!"

घ्यायला गेले तेव्हा बाईंनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?"

*

पेपर अकोल्याला झाला. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या हिशेबानं पाच उत्तरं चुकली होती. बडनेरा येईपर्यंत सगळीच.

निकाल लागला त्या सकाळी मी क्लासच्या जिन्यात फोन घेऊन बसले. मागच्या वेळच्या सवयीनं या खेपेचीही तीच यादी बोटानं आपोआप उघडली. वरून खाली पाहिली. खालून वर पाहिली. माझा नंबर नाही. डोळे पुसून पुन्हा पाहिली. नाहीच. मग मात्र मी तिथंच हुंदके द्यायला लागले.

तेवढ्यात मीनाताई पायऱ्या चढत आल्या. "काहून रडून रायली वं?"

"माझा नंबरच नाही, ताई!"

त्यांनी फोन ओढून घेतला, यादी सरकवत वर नेली, मथळा वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला. "अवं बाई, हे तं अपात्रायची यादी हाये!"

"तेच तर सांगतेय!" मी पदरानं नाक पुसत म्हटलं, "तिथंसुद्धा मला घेतलं नाही!"