डाव्या चाकाचा बोल्ट

मी आयुष्यभर भिंगातून लोखंड बघत आलो. भेग दिसली तर आहे, नाही दिसली तर नाही... भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जायचो. तरी हे लिहितोय, कारण आता सांगून टाकावंसं वाटतं.

सत्तरच्या दशकात उसावर विमानानं औषध फवारणाऱ्या एका खासगी कंपनीत मी इन्स्पेक्टर होतो. आमचं छोटं विमान कोल्हापूरबाहेर, उजळाईवाडीच्या धावपट्टीवर असायचं. चाकांचे पाय उतरवून तपासायचे, शंका आली तो भाग बाद करायचा — हे माझं काम. हाताखाली मेकॅनिक दत्तोबा, नेसरीचे. पायलट सोधी, पंजाबी, हसतमुख पोरगा.

एकदा डाव्या पायाचा मुख्य बोल्ट काढला. पुसून, भेग असेल तर उठून दिसावी म्हणून रंग लावून भिंगाखाली धरला. स्वच्छ. बाकावर ठेवला आणि स्कूटरवरून राजारामपुरीत घरी जेवायला गेलो. तासाभरानं परतलो तर बोल्टला लाल चिठ्ठी बांधलेली — ‘बाद. भेग.’ अक्षर माझं. खाली सहीपण माझीच.

"दत्तोबा, हे कुणी केलं?"

"तुमीच की सायेब. आत्ता बांधलासा, माझ्यासमोर. भेग कुठं हाय म्हणून इचारलं, तर नुसती चिठ्ठी दाखिवलासा."

"अहो, मी घरी जेवायला गेलो होतो."

"न्हाई सायेब. हितंच बसलासा की." मग हळू आवाजात म्हणाले, "घामानं चिंब झालतासा."

पुन्हा भिंग लावलं. भेग नव्हतीच. पण वाटलं, कुणीतरी सावध करतंय... सोधीचा जीव वाचवतंय. तो बोल्ट बाद केला. स्टोअरमधला नवा आणून तपासला, त्यातही काही दिसलं नाही. बसवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी उतरताना डावा पाय मोडला. विमान उलटलं आणि पेटलं. वाळूच्या बादल्या घेऊन आम्ही धावलो, पण आगीजवळ जाता येईना. दत्तोबा सोधीला हाका मारत राहिले. सोधी बाहेर आलाच नाही.

चौकशीत निघालं — नवा बोल्ट आतून पोकळ होता, भिंगाला न दिसणारा दोष. जुना प्रयोगशाळेत तपासला. त्यात काहीही खोट नव्हती.

"चांगला बोल्ट काढलात कशाला?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी चिठ्ठी पुढे केली. सही माझीच होती, आणखी काय सांगणार?

त्या दुपारी मी घरीच जेवलो हे बायको आजही शपथेवर सांगते. दत्तोबा मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले, सायेब बाकावर होते.

सोधीचे वडील गावाहून आले. म्हणाले, "पोरगा पत्रात लिहायचा — हमारा इन्स्पेक्टर बहुत सख्त है. म्हणून मी निर्धास्त असायचो." मग माझा हात धरून विचारलं, "बेटा, हुआ क्या?"

"मालूम नहीं, पिताजी."

चिठ्ठीचं सांगितलं नाही, आपण एका बापाशी खोटं बोललो, असं तेव्हा मनाला लागून राहिलं. इतकी वर्षं झाली... आज कुणी विचारलं, तरी माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.